ओढ्याकाठचा सीता अशोक: बी धरण्यापासून तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड तालुक्यातल्या एका गावच्या ओढ्याला सीता अशोकाची तीन जुनी झाडं उरली आहेत. त्यातल्या एकाची साल खालून कुणीतरी सोलून नेली आहे. चार वर्षांपूर्वी गावानं ‘अशोक’ म्हणून दहा रोपं विकत आणून देवळापुढं लावली, ती खांबासारखी सरळ वर गेली, पण लाल फूल काही आलं नाही. आता येत्या पावसाळ्यात गायरानात दोनशे सीता अशोक लावायचे आहेत. रोपं कुठून आणायची, खड्डा केवढा घ्यायचा आणि सोललेल्या झाडाचं काय करायचं, हे विचारलं आहे.

आधी सरळ उत्तर देतो. देवळापुढची दहा झाडं सीता अशोक नाहीत. गायरानात, उघड्या मुरमाड उतारावर, सीता अशोक जगणार नाही. दोनशे झाडं लावली तर दुसऱ्या उन्हाळ्यानंतर हाताच्या बोटावर मोजण्याइतकी राहतील. रोपं विकत आणू नका. तुमच्या तीन झाडांच्या आणि शेजारच्या ओढ्यांवरच्या झाडांच्या बियांपासूनच रोपं करा आणि ती ओढ्याच्या काठीच लावा. दोनशेच्या जागी पन्नास-साठ लावा, पण तीन उन्हाळे त्यांना पाणी घाला. सर्वांत आधी ती तीन झाडं आणि त्यांच्याभोवतीची सावली सांभाळा. त्या तीन झाडांना आज धक्का लागला तर पुढचं काहीच करता येणार नाही.

ओळख नीट करून घेऊ, कारण निम्मा घोटाळा इथंच होतो. शाळा, बंगले, मंगल कार्यालयं यांच्या कुंपणाला लावतात तो उंच, निमुळता, लांब नागमोडी कडांच्या पानांचा ‘अशोक’ म्हणजे आसुपालव, त्यालाच खोटा अशोक म्हणतात. तो सीताफळाच्या कुळातला. त्याचं पान एकटं असतं, फूल हिरवट-पिवळं चांदणीसारखं आणि फळं जांभळट काळ्या मण्यांच्या घोसात येतात. सीता अशोक शेंगांच्या कुळातला. एका देठाला तीन ते सहा जोड्या पर्णिका असतात, आणि टोकाला एकटी पर्णिका नसते. झाड फार उंच नसतं, साधारण सहा ते दहा मीटर, पण डेरेदार आणि गर्द. फुलं फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतात आणि ती नुसती शेंड्याला नाहीत, जुन्या फांद्यांवर आणि खोडावरसुद्धा गुच्छानं फुटतात. उमलताना पिवळट केशरी, मग दोन-तीन दिवसांत लालभडक. आपण ज्याला पाकळ्या समजतो त्या पाकळ्या नाहीतच. ते रंगीत निदलपुंजाचे, म्हणजे फुलाच्या बाहेरच्या वेष्टणाचे, चार भाग आहेत. या फुलाला पाकळी नसते. त्यातून सात-आठ लांब पुंकेसर बाहेर येतात.

रोप एक फुटाचं असतानाच ओळखायचं तर दोन गोष्टी बघा. पान जोडीजोडीनं आहे का, आणि कोवळी पालवी तांबूस, मऊ आणि खाली लोंबणारी आहे का. ही लोंबती पालवी म्हणजे रोग नव्हे. नवं पान असंच मलूल गुच्छासारखं खाली लटकतं आणि आठ-पंधरा दिवसांत हिरवं होऊन ताठ होतं. रोप सुकलं असं समजून लोक बादलीभर पाणी ओततात आणि चांगलं रोप मुळाशी कुजवतात.

आणखी एक सावधगिरी. मोठ्या रोपवाटिकांत ‘पिवळा अशोक’ म्हणून एक देखणं झाड मिळतं. त्याची पानं आपल्या सीता अशोकापेक्षा बरीच मोठी, फुलं पिवळी, शेंगा जांभळट. ते सराका याच वंशातलं असलं तरी आग्नेय आशियातलं आहे. बागेत त्याला कुणाची ना नाही, पण रानातल्या जुन्या झाडांजवळ लावू नका. जवळच्या नात्यातल्या झाडांचा संकर झाला तर तुमच्या ओढ्याचं शुद्ध बी गेलं. याच गोंधळाला नावांचीही जोड आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७६७ मध्ये जावा बेटावरच्या नमुन्यावरून ‘सराका इंडिका’ हे नाव दिलं, आणि पुढं आपल्या झाडालाही लोक तेच म्हणत राहिले. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गनं आपल्या अशोकाला संस्कृतचा अभ्यासक विल्यम जोन्स याच्या गौरवासाठी ‘जोनेसिया असोका’ म्हटलं होतं. ही दोन झाडं वेगळी आहेत हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पष्ट झालं आणि आपल्याकडच्या झाडाचं नाव ‘सराका असोका’ ठरलं. म्हणून जुन्या पुस्तकात किंवा रोपाच्या पाटीवर ‘सराका इंडिका’ दिसलं तर तेवढ्यावर विश्वास ठेवू नका, झाड बघा.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत १९९८ पासून हे झाड ‘असुरक्षित’ या वर्गात आहे. सालीची मागणी हे एक कारण सगळ्यांना माहीत असतं. अशोकारिष्टासाठी साल लागते, ती बहुतेक जंगलातून येते, आणि पुरत नाही म्हणून तिच्यात खोट्या अशोकाची साल मिसळली जाते. पण आपल्या भागात सालीइतकंच, किंबहुना जास्त, नुकसान जागा जाण्यानं झालं आहे. हे झाड कुठंही उगवणारं नाही. सदाहरित आणि निमसदाहरित रानातल्या ओढ्या-नाल्यांचे काठ, वर दाट सावली, खाली पालापाचोळ्याची ओलसर माती, आणि उन्हाळ्यातही मुळांना लागणारा पाझर, एवढं सगळं एकत्र जिथं आहे तिथंच ते आपोआप रुजतं. अशी जागा म्हणजे ओढ्याच्या दोन्ही बाजूंची दहा-पंधरा फुटांची पट्टी. नकाशावर ती दिसतसुद्धा नाही.

गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या पश्चिम पट्ट्यात ही पट्टी चार-पाच मार्गांनी जाते. ऊस थेट ओढ्याच्या धारेपर्यंत नेला की काठावरची झाडं ‘सावली पडते’ म्हणून तुटतात. ओढ्याचं रुंदीकरण-खोलीकरण करताना जेसीबी काठ खरवडतो आणि दोन दिवसांत शंभर वर्षांची झाडी ढिगात जाते. काजूसाठी, फार्महाऊससाठी उतार मोकळा केला की वरची सावली जाते आणि माती धुपून खाली येते. तरवा, म्हणजे भाताच्या रोपांचे वाफे, भाजायला फांद्या आणि पाला नेला की खाली पडलेल्या बीला ओल राहत नाही. आणि जानेवारी ते मे या काळात मोटारी लावून ओढा कोरडा पाडला की जुनं झाड तग धरतं, पण दोन वर्षांचं रोप मरतं. ही शेवटची गोष्ट लक्षात येत नाही, कारण मोठं झाड हिरवंच दिसतं. ओढ्यावर तीन म्हातारी झाडं आहेत आणि त्यांच्या खाली गुडघाभर, कमरेएवढं एकही रोप नाही, हे दृश्य तुमच्याही गावात असेल तर समजा की प्रजातीचं तिथलं पुनरुत्पादन थांबलं आहे. उद्या सकाळी जाऊन आधी हेच मोजा: प्रत्येक झाडाभोवती वीस पावलांत किती रोपं आहेत आणि ती किती उंचीची आहेत.

आता सोललेलं झाड. साल बुंध्याभोवती पूर्ण कडं करून काढली आहे, की एका बाजूनं? पानात तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडं उतरतं. पूर्ण कडं गेलं तर मुळं उपाशी राहतात आणि झाड एक-दोन हंगामांत हळूहळू वाळतं. घेराचा निदान अर्धा भाग शाबूत असेल तर ते बहुधा वाचेल. जखमेच्या दोन्ही कडांनी नवी साल गुंडाळीसारखी आत सरकत येते. जखमेवर डांबर, ऑइलपेंट, शेण यातलं काहीही लावू नका. त्याखाली ओल कोंडते आणि लाकूड कुजतं. लोंबणारे सालीचे तुकडे धारदार चाकूनं कडेला साफ कापा, एवढं पुरे. बुंध्याभोवती दगड रचू नका, पार तर अजिबात बांधू नका. सिमेंटच्या पारानं मुळांची हवा तुटते. चार-पाच फुटांच्या अंतरावर काटेरी कुंपण घाला. त्या झाडाला जवळचा पाला उचलून चार बोटं जाडीचा थर द्या आणि उन्हाळ्यात आठवड्याला तीस-चाळीस लिटर पाणी. पूर्ण कडं गेलं असेल तरी तोडू नका. खालून धुमारे फुटतात. त्यातले दोन जोमदार ठेवून बाकीचे काढले तर त्याच मुळावर नवं झाड उभं राहतं, आणि मरण्याआधी झाड पुष्कळदा भरपूर शेंगा धरतं. ते बी सोडू नका.

शेंगा जूनच्या तोंडापासून जुलैच्या मध्यापर्यंत पक्व होतात; उंची आणि पावसाप्रमाणे आठ-पंधरा दिवस इकडे-तिकडे. शेंग चपटी, चामड्यासारखी, वीतभर लांबीची असते आणि तिच्यात चार ते आठ बिया असतात. हिरवट-लालसर शेंग तपकिरी-काळी पडून शिवणीवर उकलू लागली की काढायची. हिरवी शेंग तोडून घरात पिकवायला ठेवली तर बी सुरकुततं आणि उगवत नाही. फार वाट पाहिली तर शेंग झाडावरच फुटून पिळवटते, बी खाली पडतं आणि खारी, उंदीर, वानरं ते उचलतात. म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यापासून दर तीन दिवसांनी एक फेरी हवी. झाडाखाली जुनी शेडनेट जमिनीपासून हातभर उंच बांधली तर पडणारं बी चिखलात जात नाही. फांद्या वाकवून मोडू नका. लांब काठीला आकडी लावून शेंग देठाशी तोडा.

एका झाडाच्या बियांपैकी तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त घेऊ नका. बाकीचं त्या ओढ्याचं आणि त्यावर जगणाऱ्या प्राण्यांचं आहे. तीनच झाडांचं बी घेऊन पुढची पिढी उभी केली तर सगळी रोपं एकमेकांची भावंडं होतात, म्हणून त्याच नदीच्या खोऱ्यातल्या शेजारच्या ओढ्यांवरची आणखी सात-आठ झाडं शोधा. वेदगंगेच्या खोऱ्यातलं बी वेदगंगेच्या खोऱ्यातच. लांबचं, दुसऱ्या राज्यातलं बी स्वस्त मिळालं तरी नको. आपल्या पावसाला आणि आपल्या चार कोरड्या महिन्यांना सरावलेलं बी इथलंच. एकेकट्या उरलेल्या झाडाला फुलं पुष्कळ आणि शेंगा मोजक्या असं अनेकदा दिसतं. त्यामुळं अशा झाडाच्या दहा बिया मिळाल्या तरी त्या मोलाच्या आहेत. प्रत्येक झाडाच्या बिया वेगळ्या पिशवीत ठेवा आणि आत पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी टाका. शाई भिजते.

परवानगीचंही आताच सांगतो. झाड मालकीच्या रानात असेल तर मालकाला विचारा. देवराईत असेल तर गावकीला, आणि जमीन वन खात्याची असेल तर वनरक्षकाला. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीतून परवानगीशिवाय बी, शेंग, साल काहीही आणता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे.

या बीचा स्वभाव एका वाक्यात: ते वाळलं की मेलं. ज्वारी-हरभऱ्याचं बी वाळवून वर्षभर ठेवायची आपल्याला सवय, पण अशोकाच्या बियांत पाणी भरपूर असतं आणि ते कमी झालं की आतला जीव जातो. उन्हात घालू नका, फ्रीजमध्ये ठेवू नका, प्लास्टिकच्या बंद पिशवीत तर मुळीच नाही. तिथं दोन दिवसांत बुरशी येते. काढल्यापासून आठवड्याच्या आत पेरा. अगदीच थांबावं लागलं तर ओलसर वाळूत किंवा नारळाच्या भुशात थर देऊन गोणपाटात, सावलीत. मुठीत दाबल्यावर पाणी निथळणार नाही इतपतच ओल. असं दोन-तीन आठवडे निघतात, पण उगवण दर दिवसाला कमी होत जाते.

पेरण्याआधी बादलीत टाका. बुडालेलं बी घ्या, तरंगणारं काढून टाका. बुडालेल्यातही बारीक भोक दिसलं तर आत अळी आहे. ते बी जाळून टाका, उकिरड्यावर नको. चांगलं बी एक रात्र साध्या पाण्यात भिजवा. बारा तास पुरतात. दोन-तीन दिवस भिजवत ठेवलं तर ते आंबतं.

पन्नास-साठ झाडं उभी करायची तर दीडशे बिया धरा. ताज्या, निरोगी शंभर बियांतल्या साठ-सत्तर उगवतील, त्यातल्या पन्नासेक लावण्याजोग्या होतील, आणि दहा-पंधरा रोपं मर भरायला हाताशी लागतातच. पिशवी सहा बाय नऊ इंचांची, तळाला आणि बाजूला मिळून आठ-दहा भोकं. मिश्रणात दोन बुट्ट्या लाल माती किंवा रानातली वरची माती, एक बुट्टी जाड वाळू, एक बुट्टी पूर्ण कुजलेलं, चाळलेलं शेणखत. शंभर किलो शेणखताला एक किलो ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) मिसळून, हलकं ओलावून, आठ-दहा दिवस सावलीत झाकून ठेवलं तर मर रोग बराच आवरतो. उसाच्या रानातली काळी चिकण माती वापरू नका. पिशवीत तिचं ढेकूळ बनतं. साखर कारखान्याची ताजी मळी (प्रेसमड) हीसुद्धा नको, ती तापते आणि कोंब करपतो.

बी आडवं ठेवायचं, वर बोटाच्या एका पेरापेक्षा जास्त माती नको. खोल गेलं तर सडतं. पिशव्या झाडाच्या किंवा पन्नास टक्के शेडनेटच्या सावलीत. घाटाकडच्या पावसात नुसती शेडनेट पुरत नाही. जून-जुलैच्या सरींनी पिशवीतली माती उडून बी उघडं पडतं, म्हणून वर पारदर्शक प्लास्टिकचं उतरतं छप्पर किंवा निदान पालापाचोळ्याचा पातळ थर द्या. खाली विटांचे तुकडे पसरा म्हणजे पिशवी पाण्यात उभी राहत नाही. पंधरा-वीस दिवसांत कोंब दिसू लागतात, काही बिया महिनाभरही घेतात. चाळीस दिवसांआधी पिशवी रिकामी समजून उलटी करू नका. डाळिंब्या जमिनीलगतच राहतात. त्या खेचून काढू नका, रोपाची शिदोरी त्यांच्यात असते.

रोपवाटिकेत सहसा तीन गोष्टींनी रोपं जातात. पहिली जास्त पाण्यानं: कोंब जमिनीशी काळा पडून आडवा होतो. असं दिसलं की ती पिशवी बाजूला काढा, बाकीच्यांचं पाणी दोन दिवस थांबवा आणि पिशव्यांत अंतर ठेवा. दुसरी गोगलगाय, विशेषतः मोठी आफ्रिकन; रात्री बॅटरी घेऊन वेचणं आणि मिठाच्या पाण्यात टाकणं याला पर्याय नाही. तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही: सोटमूळ पिशवीच्या तळातून जमिनीत घुसतं. लावायच्या दिवशी पिशवी उचलली की ते तुटतं आणि रोप आठवड्यात मान टाकतं. यासाठी दर महिन्याला पिशव्या उचलून जागा बदला, बाहेर आलेलं मूळ कात्रीनं कापा. दिवाळीनंतर शेडनेट तशीच ठेवा. ‘रोप कणखर करायचं’ म्हणून उन्हात काढू नका. हे काम सागवानाला चालतं, याला नाही.

वर्षभरात रोप एक ते दीड फूट होतं. बुंधा पेन्सिलीएवढा जाड असेल तर लावा, नसेल तर दहा बाय बारा इंचांच्या पिशवीत हलवून आणखी एक वर्ष सांभाळा. जनावरांची ये-जा असलेल्या ओढ्यावर मला दोन वर्षांचं, अडीच फुटी रोपच योग्य वाटतं. एक वर्ष वाचवण्याच्या घाईनं रोप हकनाक जातं. गुटी कलमानंही रोपं होतात, पण ती एकाच झाडाची नक्कल. बागेसाठी ठीक, ओढ्यावर बियांचंच रोप हवं.

जागा निवडणं हे या सगळ्यातलं खरं कौशल्य आहे. ओढ्याच्या पात्रात किंवा धारेच्या अगदी कडेला लावू नका, पहिल्याच लोंढ्यात जाईल. २०१९ आणि २०२१ चा महापूर आठवा आणि काठावर फिरून झाडांच्या बुंध्यांवर, फांद्यांत अडकलेल्या कचऱ्याची रेघ बघा. दरवर्षीच्या पुराच्या रेघेच्या तीन ते सहा फूट वर, जिथं काठाला दुसरी पायरी असते, ती याची जागा. तिथं मार्चमध्ये फूटभर खणल्यावर माती हाताला गार आणि ओलसर लागली पाहिजे. कोरडी, भुसभुशीत लागली तर तिथं अशोक नको, करंज लावा.

सावली आधीच असेल तर उत्तम. जांभूळ, पानजांभूळ, उंबर, करंज, वाळुंज, भेर्ली माड अशी झाडं काठावर असतील तर त्यांच्या छायेच्या कडेला, म्हणजे सकाळचं कोवळं ऊन मिळेल आणि दुपारचं मिळणार नाही अशा बाजूला अशोक लावा. काठ उघडा असेल तर या पावसाळ्यात अशोक लावूच नका. आधी उंबर, करंज, जांभूळ दहा-दहा फुटांवर लावून घ्या आणि दोन-तीन वर्षांनी त्यांच्या आडोशाला अशोक आणा. तोपर्यंत तुमची रोपंही तयार होतात. गायरानासाठी गावाचा उत्साह आहे तो या कामाला वळवा: गायरानाच्या वरच्या अंगाला चर आणि स्थानिक झाडं झाली तर खालच्या ओढ्याचा पाझर टिकतो आणि त्याचा फायदा अशोकालाच होतो.

खड्डा दीड ते दोन फूट लांब, रुंद, खोल. मेमध्ये काढून उघडा तापू द्या. भरताना खड्ड्यातली वरची माती, दोन बुट्ट्या कुजलेलं शेणखत आणि एक बुट्टी झाडाखालचा अर्धवट कुजलेला पाला. रासायनिक खत पहिल्या वर्षी नको. दोन झाडांत बारा ते पंधरा फूट अंतर ठेवा, पण ओळीत लावू नका. तीन-चारचे पुंजके करा आणि प्रत्येक पुंजक्यात वेगवेगळ्या मातृवृक्षांची रोपं मिसळा. चिठ्ठ्यांचा उपयोग इथं होतो. लावणी पहिल्या दोन-तीन चांगल्या पावसांनंतर, जूनच्या शेवटी. जुलैत गगनबावडा-राधानगरीकडं संततधार लागली की खड्डा डबकं होतो. उशीर झालाच तर ऑगस्ट अखेर पाऊस ओसरताना लावा. रोपाचा मातीचा गड्डा फुटू देऊ नका, आणि पिशवीत जिथवर माती होती तिथवरच बाहेर माती ठेवा. बुंध्याला माती चढवली की साल कुजते.

पहिला उन्हाळा निर्णायक. डिसेंबरमध्ये आळं करून चार बोटं पाल्याचं आच्छादन द्या, बुंध्यापासून चार बोटं लांब. उसाचं पाचट वापरलं तर दोन अडचणी येतात, वाळवी आणि आग. पाचटच हवं असेल तर वर मातीचा पातळ थर द्या. फेब्रुवारी ते मे, आठवड्याला दोनदा सात-आठ लिटर. माणसं कमी असतील तर प्रत्येक रोपाजवळ पाच लिटरचं कच्चं मडकं गळ्यापर्यंत पुरा आणि आठवड्यातून दोनदा भरा. पाणी मुळाशी झिरपतं, तण वाढत नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्याला एकदा पंधरा लिटर, तिसऱ्यात पंधरवड्याला एकदा. त्यानंतर जागा बरोबर असेल तर झाड स्वतःचं पाणी शोधतं.

पानांची टोकं आणि कडा करपल्या तर ते ऊन आणि कोरडं वारं. दक्षिणेला आणि पश्चिमेला झापाचा आडोसा करा, खत घालू नका. पान पिवळं आणि शिरा हिरव्या राहिल्या तर जमिनीत चुना जास्त असू शकतो. पालवी वळून, आखडून वेडीवाकडी येत असेल तर शेजारच्या उसात कोणतं तणनाशक मारलं ते विचारा. टू फोर डी वाऱ्यानं उडून आलं की अशी पानं येतात. यावर औषध नाही, शेजाऱ्याशी बोलणं हाच मार्ग. फवारणी सकाळी वारा नसताना आणि ओढ्यापासून दहा मीटर सोडून करायला तो बहुधा तयार होतो. कोवळी पालवी अळ्या खातात. काही फुलपाखरांच्या अळ्या याच झाडावर वाढतात, तेव्हा झाड पूर्ण बोडकं होत नसेल तर हात लावू नका. पिठ्या ढेकूण आला तर पाण्याचा जोरदार फवारा, मग पाच टक्के निंबोळी अर्क.

शेळी आणि गवा या दोघांपासून रोप वाचवायला बाभूळ-बोरीच्या फांद्यांचं कुंपण पाच फूट उंच लागतं. बांबूची नाजूक जाळी गवा सहज बाजूला करतो. रानडुकरं ओल्या आळ्यात गांडुळांसाठी उकरतात, तिथं आच्छादनावर डोक्याएवढे दगड ठेवा. आणि वणवा. संपूर्ण तीन वर्षांचं काम एका दुपारी जातं ते यानंच. जानेवारीत लागवडीच्या वरच्या बाजूनं दहा फूट रुंद पट्टा गवत कापून, पाला झाडून मोकळा करा. ही जाळरेषा दरवर्षी हवी. तरवा भाजायच्या दिवसांत गावात कोण कधी भाजणार हे ठरवून घ्या आणि पाण्याचा पंप तयार ठेवा.

बियांपासूनच्या झाडाला पहिलं फूल यायला साधारण सहा ते दहा वर्षं लागतात, दाट सावलीत आणखी उशीर. साल विकून गावाला उत्पन्न मिळेल का, असंही कुणी विचारेल. जुन्या तीन झाडांची आणि ओढ्यावरच्या लागवडीची साल कधीही काढू नका. सालीसाठी लावायचं तर मालकीच्या ओलिताच्या रानात, नारळ-सुपारीच्या सावलीत वेगळी लागवड करा. तिथंही झाड पंधरा वर्षांचं झाल्यावर, एका बाजूनं उभी अरुंद पट्टी काढून, ती भरून येईपर्यंत थांबून. आडवं कडं कधीच नाही.

ओढ्याच्या त्या तीन झाडांची नोंद ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडं, लोक जैवविविधता नोंदवहीत करून घ्या. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ही समिती प्रत्येक ग्रामपंचायतीत असायला हवी. नोंदीत झाडाचा छातीच्या उंचीवरचा घेर, गट नंबर, फुलण्याचा महिना आणि खाली आढळलेल्या रोपांची संख्या लिहा, फोटो जोडा. पण जागेची नेमकी खूण मोबाईलवरच्या सार्वजनिक गटांत टाकू नका, साल नेणारेही ते वाचतात. ओढ्याच्या खोलीकरणाचा ठराव ग्रामसभेत येईल तेव्हा हीच नोंद पुढं ठेवून ‘गाळ पात्रातलाच काढायचा, दोन्ही काठांना पंधरा फूट हात लावायचा नाही’ असं वाक्य ठरावात लिहून घ्या, आणि काम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी झाडांना पांढरे पट्टे मारून जेसीबी चालवणाऱ्याला प्रत्यक्ष दाखवा.

देवळापुढचे दहा आसुपालव राहू द्या, त्यांचा काही दोष नाही. वटवाघळं आणि कोकिळा त्यांची फळं खातात. तिथं एक सीता अशोक हवाच असेल तर देवळाच्या पूर्वेला, जिथं दुपारनंतर भिंतीची सावली पडते आणि पाय धुण्याचं साधं पाणी मुरतं, अशी जागा द्या. साबणाचं पाणी त्याला चालत नाही.